हमजाच्या पेटीतला पंखा

नांदेड, ९ फेब्रुवारी २०२५

हमजा,

सलाम. पाकिटावरचं अक्षर ओळखून न उघडताच फाडलं नसशील, असं धरून लिहिते. तू माझा नंबर ब्लॉक केलास, अम्मीचा केलास, शेजारच्या फोनवरून लावला तर आवाज ऐकून ठेवून दिलास. टपाल ब्लॉक करता येत नाही हे तुझ्या ध्यानात आलं नाही. पत्ता सत्यमने दिला. त्याच्यावर चिडू नकोस. लातूरच्या होस्टेलात तो तुझ्या शेजारच्या पलंगावर झोपला, आता हैदराबादेत तुझ्याबरोबर खोली करून राहतो. त्याच्याशी भांडलास तर भात कोण शिजवणार? मुखेडचा पोरगा आहे, कुणाच्या बहिणीने विचारलं तर त्याला खोटं बोलवत नाही.

आता मुद्द्याचं. अब्बांना तुझ्यासाठी कॉम्प्युटर करायचा आहे.

वाचून हसलास ना? मीही हसले होते. तू लातूरला मेडिकलच्या क्लासला होतास तेव्हा ज्या माणसाने तुझा सुटे भाग जमवून जोडलेला कॉम्प्युटर भंगारवाल्याच्या गाड्यावर चढवला, तोच आता मला विचारतो की गेमही चालावी आणि व्हिडिओचं कामही व्हावं अशा कॉम्प्युटरला काय काय लागतं. छपरांवरून उड्या मारणाऱ्या बकरीची तू स्वतः बनवलेली गेम त्या कॉम्प्युटरमध्येच होती आणि तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. मीच सांगितलं, आणि गोड करून सांगितलं नाही. तू त्या ईदला घरी आलास, रिकामं टेबल पाहिलंस, शीरखुर्मा प्यायलास, आणि लातूरची गाडी धरतो म्हणून निघालास तो परत आलाच नाहीस. तीन वर्षं झाली. त्या दिवशी तू भांडीकुंडी फेकली असतीस तर बरं झालं असतं. अब्बा ओरडले असते, तू ओरडला असतास, आणि रात्रीपर्यंत दोघं एका ताटात जेवला असता.

कॅबिनेट अब्बा स्वतः करणार. बाजारातली नको म्हणतात. आयुष्यभर पत्र्याचे कूलर केले, पेट्या केल्या, त्यांत पंखे बसवले, मोटारी बसवल्या, मग हे काय वेगळं, असं त्यांचं म्हणणं. आतलं सामान पंचशीला देणार. बस स्टँडमागचं तिचं दुकान तुला आठवत असेल. अकरावीत तिच्याकडून जुनी रॅम मागून आणायचास आणि परत करायला विसरायचास.

मला हुकूम असा आहे की पत्रात फक्त प्रोसेसर कोणता ते विचारायचं, आणि अब्बांच्या तब्येतीचं एक अक्षर लिहायचं नाही. त्यांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, म्हणून मी बिनधास्त लिहिते. अब्बांची फुप्फुसं गेली आहेत. वेल्डिंगचा धूर आणि कूलरला मारायचा स्प्रे, दोन्ही बिनफडक्याचं नाकात गेलं, त्याचं हे फळ. डॉक्टर म्हणाले, हा उन्हाळा निघाला तर नशीब समजा.

तुला हे खोटं वाटेल. मागे अम्मीने पाय मोडल्याचा निरोप धाडला होता, आणि तू स्टेशनवरून घरी येताना बघतोस तर अम्मी भाजीबाजारात दोन्ही पायांवर उभी राहून मेथीचा भाव करत होती. तू तिथूनच परत गेलास. ती चूक तिची होती. पण हे खरं आहे. अब्बांना वाटतं, आजाराचं कळलं तर तू कीव येऊन येशील. त्यांना तू ह्या कॉम्प्युटरच्या पेटीसाठी यायला हवा आहेस. मला तू कशासाठीही आलास तरी चालेल.

ये. आणि प्रोसेसर कोणता तेही कळव.

सादिया


नांदेड, २ मार्च २०२५

हमजा,

आज पहिला रोजा. तुझं उत्तर नाही. सत्यम म्हणतो, पत्र वाचलंस, घडी घातलीस आणि कामावर गेलास. बरं, घडी घातलीस, चुरगळलं नाहीस, एवढ्यावर मी समाधान मानते.

मागच्या रविवारी लातूरला जाऊन आले. अब्बांनी पाठवलं. तुझी पत्र्याची पेटी अजून होस्टेलवर पडून होती. तू क्लासला निघालास तेव्हा अब्बांनी मुद्दाम जाड पत्र्याची केलेली ती पेटी, झाकणावर पांढऱ्या रंगात तुझं नाव. होस्टेलवाल्या शिवगंगाकाकूंनी ती टाकली नाही. तुझी पुस्तकं पुढच्या कुठल्या पोराला दिली आणि पेटीत कुरडया भरून ठेवल्या. मी गेले तर कुरडया परातीत काढल्या, पेटी पुसून दिली आणि म्हणाल्या, "लेकरू आडदांड न्हवतं माय. रातच्याला चोरून कागदावर शेळ्या काढायचं." मला तिथेच रडू आलं. मग त्यांनी चहा दिला आणि अर्ध्या कुरडयाही बांधून दिल्या. येताना कंडक्टरने पेटीचं तिकीट फाडलं, अहमदपूरपर्यंत तिच्यावर एक आजी बसून आल्या.

तुझी कॅबिनेट ह्याच पेटीच्या पत्र्याची होणार. मी म्हटलं, नवा पत्रा आणा की. माझ्या लग्नाची म्हणून करून ठेवलेली पेटी रजया भरून पडलीय, तीच मोडा. अब्बा म्हणाले, तुझी मोडायची नाही. ह्याची मोडायची, कारण ही त्याच्यासाठी केली होती आणि ती त्याच्या कामाला आली नाही. आपल्या घरच्या बोलीतलं मी इथे मराठीत मांडते आहे. तू वाचताना परत अब्बांच्या आवाजात करून घे.

पंचशीलाकडे दोनदा गेलो. ती फार कमी बोलते, पण बोलते ते सरळ. अब्बांनी तिला पहिलाच प्रश्न टाकला की ह्या सगळ्या सामानात पोरगा स्वतः काय निवडेल. ती म्हणाली, "ग्राफिक कार्ड, चाचा. गेम करणारं पोरगं दुसऱ्या कुणाला कार्ड निवडू देत न्हाई." झालं. अब्बांनी ठरवून टाकलं की बाकी सगळं आपण घ्यायचं आणि कार्डाची जागा रिकामी ठेवायची. तो येईल, निवडेल, स्वतःच्या हाताने बसवेल. मग पंचशीलाने असा प्रोसेसर सुचवला की ज्यात पडद्यावर चित्र दाखवायची सोय आतच आहे. कार्ड नसलं तरी कॉम्प्युटर चालू तर होतो. रॅम जोडीने घ्यायची म्हणाली, आणि वीज सांभाळणारा सप्लाय मोठ्या ताकदीचा, पुढे कार्ड येणार आहे हे धरून. प्रत्येक वस्तू घेताना अब्बा तेच विचारत होते, ह्याच्याने पुढे कार्डाला अडचण तर नाही? दुकानातून पायऱ्या उतरताना दोनदा थांबावं लागलं. मला म्हणाले, गर्दी जाऊ दे. गल्लीत एक कुत्रा सोडला तर कुणी नव्हतं.

तू प्रोसेसर सांगितला नाहीस, म्हणून आम्ही आमच्या अकलेने घेतला. चुकला असेल तर तोंड उघडायचं होतं.

सादिया


नांदेड, १ एप्रिल २०२५

हमजा,

ईद मुबारक. काल ईद झाली. आणि काल दुपारी सत्यमचा फोन आला.

तो म्हणाला, दीदी, हमजाने विचारलंय, पत्रा किती गेजचा आहे.

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, आणखी काय म्हणाला? सत्यम म्हणाला, एवढंच. मला तुझा राग आला. तीन वर्षांनी बाप कसा आहे विचारत नाहीस, अम्मी कशी आहे विचारत नाहीस आणि पत्र्याची जाडी विचारतोस. तरी अब्बांना जाऊन सांगितलं. ते पलंगावर तक्क्याला टेकून होते. हमजा, त्यांचा चेहरा तुला दाखवायला हवा होता. उठून बसले. म्हणाले, "गेज विचारला? बघ, माझ्या पोराने गेज विचारला." नंतर ईदला भेटायला जो येईल त्याला तेच. शेजारचे आले, मशिदीतले आले, प्रत्येकाला शीरखुर्म्याच्या वाटीबरोबर ऐकवलं की पोराने पत्र्याचा गेज विचारलाय. लोक मान हलवून मुबारक म्हणत होते. त्यांना वाटलं असेल तुला नोकरी लागली.

तर उत्तर असं. पत्रा बावीस गेजचा, तुझ्या पेटीचाच. लहानपणी दुकानात तू डोळे मिटून पत्रा चिमटीत धरून गेज सांगायचास, ते अब्बांच्या लक्षात आहे. माझ्या नव्हतं.

सांगाडा उभा राहिलाय. अब्बांचं दुकान बंदच आहे, पण औजारं घरी अंगणात आणलीत. कातरी आता मी चालवते, अब्बा खाटेवर बसून इंच आणि सूत सांगतात. रिव्हेट मारायला शिकले. शाळेत पोरांनी माझ्या बोटाची पट्टी पाहून विचारलं, बाई, कुत्रं चावलं का. नाव लिहिलेला पत्रा बाजूच्या दाराला घेतलाय, म्हणजे तू बसलास की तुझं नाव तुझ्या उजव्या हाताला राहील. पंचशीलाने बजावलं होतं की आतला बोर्ड पत्र्याला टेकता कामा नये, टेकला की जळाला. त्याच्यासाठी अब्बांनी छोटे पितळी पाय बसवले. शिवाय अर्थिंगची वायर स्वतंत्र काढली. तिची काही गरज नाही, असं पंचशीला म्हणाली. अब्बांनी ऐकलं नाही. चाळीस उन्हाळे कूलर विकले पण माझ्या कूलरचा कुणाला झटका बसला नाही, माझ्या पोराला बसेल का, असं म्हणाले.

पंखाही तेच बसवणार. ह्या बाबतीत मला नाही, पंचशीलाला नाही, कुणालाच बोलायची परवानगी नाही. पंखा कसा लावायचा हे मला कुणी शिकवू नये, एवढं बोलले आणि खोकत बसले.

अम्मीने तुझ्या नावचा शीरखुर्मा काढून ठेवला होता. आज सकाळी तो मी प्यायले. तक्रार असेल तर येऊन कर.

सादिया


नांदेड, २७ एप्रिल २०२५

हमजा,

तुझा दुसरा निरोप मिळाला. कार्डासाठी तेरा इंच जागा हवी. अब्बांनी अकराच ठेवली होती.

सांगाडा पूर्ण झाला होता, रंगाचा पहिला हातही देऊन झाला होता. मी म्हटलं, छोटं कार्ड घेईल की तो. अब्बांनी छिन्नी मागितली. एक एक रिव्हेट तोडली. मी तोडते म्हटलं तर हात बाजूला केला. मधली पट्टी मागे सरकवली, पुन्हा भोकं पाडली, आणि तिसऱ्या की चौथ्या भोकाला ओठ निळे पडले. रिक्षाने दवाखान्यात नेलं. पाच दिवस ठेवून घेतलं. आता घरी ऑक्सिजनचं मशीन आहे. भाड्याचं. दिवसभर त्याचा आवाज चालू असतो. लाइट गेली की अम्मी दारात उभी राहून तार जोडणाऱ्याला शोधते.

तेरा इंच झाली जागा. मी मोजली आणि त्यांना दाखवली. मगच झोपले.

मी सत्यमला फोन केला आणि त्याला नाही नाही ते बोलले, बिचाऱ्याचा काही दोष नसताना. तेव्हा त्याने सांगितलं की तू एकदा जेवताना बोललास. "बाप बोलवत असेल तर जाईन. बहीण बोलवते म्हणून न्हाई." असंच बोललास का? सत्यमच्या मुखेडी बोलीतून ऐकलं, पण शब्द तुझेच वाटले.

मग मी अब्बांना तोंडावर विचारलं. तुम्ही स्वतः ये म्हणून का सांगत नाही? तुमच्या एका शब्दावर अडलंय. अब्बा आधी टेकून बसले. मग नळी बाजूला करून म्हणाले, "मी कोणत्या तोंडाने बोलवू? त्याचं केलेलं काम मी भंगारात दिलं. माझा केलेला कूलर कुणी असा मोडला असता तर मी त्या घराचं पाणी प्यालो नसतो." पुढे म्हणाले, की आधी त्याचं त्याला परत करू दे, मग बोलवेन.

आता हा बाप आणि हा मुलगा, तूच सांग मी काय करू. तू म्हणतोस त्यांनी बोलवावं. ते म्हणतात पेटी पूर्ण झाल्याशिवाय बोलवायचा हक्क नाही. इथे बेचाळीस डिग्री तापमान आहे, आणि मी अर्धापूरला चौथीच्या पोरांना उतारा शिकवताना मनात तुम्हा दोघांना शिव्या घालते. मला तुमच्या दोघांचा सारखाच राग येतो आणि दोघांची सारखीच दया येते. डॉक्टर आता उन्हाळ्याचंही बोलत नाहीत.

हट्ट सोड. रागावून ये, पण ये. येऊन बोलू नकोस हवं तर. समोर बसून त्यांना दिसलास तरी पुरे.

सादिया


नांदेड, २२ मे २०२५

हमजा,

हे पत्र स्पीड पोस्टने टाकते आहे. आधी महत्त्वाचं लिहिते. अब्बांनी तुला बोलावलंय. माझ्या मनाचं काही घातलेलं नाही. त्यांचे शब्द जसेच्या तसे देते, "लिही. अब्बा बोलवतात म्हणून लिही. पेटी झाली, म्हणावं. आता ये."

आता कसं झालं ते सांगते.

काल पंचशीला सगळं सामान घेऊन घरी आली. अंगणातल्या खाटेजवळ सतरंजी टाकून बोर्ड बसवला, प्रोसेसर बसवला, रॅमची जोडी टक् करून आत गेली. पेटी सुरेख झालीय. हिरवा रंग, आपल्या कूलरचाच. पुढे गोल जाळी, तिच्यामागे पंखा. पूर्ण कॉम्प्युटर चालू करायला अब्बांनी मनाई केली, पहिलं बटण हमजा दाबेल म्हणाले. पण पंखा बघायचा होता. पंचशीलाने नुसता पंखा सप्लायला जोडून फिरवला.

अब्बांनी मला खूण केली. मी त्यांना धरून पुढे वाकवलं. त्यांनी नाकातली नळी काढली आणि जाळीसमोर चेहरा नेला. दाढीचे केस हलत होते. डोळे मिटले. "हवा आरी, सादिया," म्हणाले. "बसणाऱ्याच्या बरोबर तोंडावर आरी." मी म्हटलं, हौ अब्बा, येतेय. किती तरी वेळ तसेच होते. अम्मी शेवटी रागावली तेव्हा नळी परत लावली, आणि पडल्या पडल्या मला म्हणाले, लिही.

पंचशीलाला सोडायला मी दारापर्यंत गेले. ती चप्पल घालताना हळूच म्हणाली, "बाई, पंखा उलटा लागलाय. ह्या मशीनमध्ये पुढचा पंखा हवा आत ओढतो आन् मागून गरम हवा भाईर जाते. चाचांनी कूलरसारखा लावला, समोर फेकणारा. आता बोर्ड तापला की सगळी गरम हवा पोराच्या तोंडावर येणार." मी म्हटलं, मग सांगितलं का नाही? तिने माझ्याकडे बघितलं. "तुमी सांगितलं असतं का?"

नाही सांगितलं. सांगणारही नाही. मला माहीत आहे त्यांनी तसा का लावला. हातांना तीच सवय आहे. कूलर असतो तो समोर बसणाऱ्यासाठी, वारा मशीनला कशाला हवा? त्यांनी तुला समोर बसवून पंखा लावलाय. तू आलास की त्यांच्यासमोर बटण दाब, वाहवा कर, आणि ते झोपले की गुपचूप पंखा फिरव. चार स्क्रू आहेत.

आता तुला हवं ते मिळालं. बाप बोलावतोय. ये. उशीर करू नकोस. मी हात जोडते, आणि मी तुझ्यापुढे आजवर कधी हात जोडले नाहीत.

सादिया


नांदेड, १२ ऑक्टोबर २०२५

हमजा,

आता तू फोन उचलतोस, तरी पत्र लिहिते आहे. फोनवर आपण दोघं जेवलास का, जेवलीस का ह्याच्या पुढे जात नाही.

अम्मीची इद्दत, अब्बांच्या मागे घरातच बसायची मुदत, गेल्या आठवड्यात संपली. चार महिन्यांत पहिल्यांदा उंबरा ओलांडला आणि कुठे गेली असेल? भाजीबाजारात. मेथी घेऊन आली. निवडता निवडता रडत होती. म्हणाली, मी पायाचं खोटं सांगितलं नसतं तर पोराने आजाराचं खरं मानलं असतं. मी तिला तसं नाही म्हणून सांगितलं. तूही फोनवर सांग. तुझ्या तोंडून ऐकायचं आहे तिला.

मी आजवर तुला एक विचारलं नाही. तू आलास तेव्हा तुझ्या बॅगेत कार्डाचा नवा खोका होता आणि त्याच्याबरोबर शुक्रवारच्या गाडीचं तिकीट. अब्बा बुधवारी पहाटे गेले, आणि कळताच तू मिळेल त्या गाडीने आलास. म्हणजे पत्र मिळताच तिकीट काढलं होतंस, रजा आणि कार्ड हातात यावं म्हणून शुक्रवारचं काढलंस. मोकळ्या हाताने यायचं नव्हतं तुला. कोणाचा मुलगा आहेस ते तिथे दिसलं. मी तुझ्यावर रागावणार होते, त्याची तयारीही करून ठेवली होती. तो खोका बघितला आणि तुझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. जनाजा असरच्या, दुपार कलतानाच्या नमाजापर्यंत तुझ्यासाठी थांबवला होता. तू त्यांचं तोंड बघितलंस, मिट्टी दिलीस, आणि घरी येऊन अंगणात त्या हिरव्या पेटीकडे पाठ करून बसलास. त्यांनी तुला बोलावलं होतं, तू येत होतास, आणि तरी भेट झाली नाही. हे माझ्या मनातून जात नाही. सकाळी कातरी दिसली तरी तेच आठवतं.

निघायच्या दिवशी तू पेटी उघडलीस. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. कार्ड जागेवर ठेवलंस, बरोबर बसलं. दोन्ही बाजूंना बोट घालून किती जागा उरली ते बघितलंस, अब्बा बघायचे तसं. मग बटण दाबलंस. आतल्या खोलीतून अम्मीने विचारलं, चालू झाला का? तू हौ म्हणालास. मग जाळीसमोर हात धरलास. थोड्या वेळाने तिथली हवा गरम झाली असणार, कारण तू स्क्रूड्रायव्हर उचललास. पंख्याच्या पहिल्या स्क्रूला लावलास. आणि तसाच खाली ठेवलास. नंतर पेटीसमोर मांडी घालून बसलास, चेहरा जाळीच्या अगदी जवळ नेऊन. मी पोळ्या करपवल्या त्या दिवशी. तुला वाटलं असेल मला येतच नाहीत.

आता सत्यमची तक्रार ऐक. तो म्हणतो, दीदी, खोलीत ह्या पेटीमुळे भट्टी झालीय. मशीन तापून कामाच्या मध्येच बंद पडतं, गेम अर्ध्यात जाते, हमजा घामाने भिजून बसतो पण पंख्याला हात लावू देत नाही. मी लावतो म्हटलं तर अंगावर धावून आला. बकरीची गेम तू पुन्हा पहिल्यापासून करतो आहेस, हेही त्यानेच सांगितलं. बकरी आता कूलरच्या टपावरून उडी मारते म्हणे. मला बघायची आहे.

हमजा, ऐक. मी पंचशीलाला विचारलं. असंच चाललं तर आधी कार्ड जाईल आणि मग बोर्ड. अब्बांनी ती पेटी तुझं काम परत द्यायला केली होती. तुझं काम त्या पेटीतच दुसऱ्यांदा गेलं तर ते त्यांना चालेल का? माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं. गिऱ्हाईक कूलर घेऊन आलं आणि म्हणालं, मोटार तापते, तर अब्बा काय करायचे? आपणच लावलेला पंखा आपणच काढायचे, तोंडाने पुटपुटत. त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

म्हणून उन्हाळ्यात पंखा फिरवून लावायचा. आत्ता ऑक्टोबरचं ऊन आहे, आत्ताही फिरव. आज हे पत्र वाचून झालं की लगेच. डिसेंबर आला, सत्यम गोधडीत शिरायला लागला, की पुन्हा अब्बांनी लावला होता तसा लाव. थंडीत मशीन तेवढं सोसेल, मी पंचशीलाकडून खात्री करून घेतलीय. त्या दिवसांत समोर बस आणि चेहऱ्यावर ऊबदार वारा घे. कूलर आपण दरसाल होळीला काढतो आणि पाऊस लागला की झाकतो, तसंच हे.

स्क्रू जपून ठेव. अब्बांच्या डब्यातले आहेत, तसे आता मिळत नाहीत.

सादिया